फुटकी टाकी

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून फोन आला तेव्हा मी नातीला विचारलं, "माझ्या नोकरीतलं तुला काय आठवतं?" ती म्हणाली, "आज्जी, तू विहिरीत वाकून बघायचीस." माझ्या सगळ्या सरकारी सेवेचा इतका नेमका गोषवारा आमच्या खात्यालाही कधी जमला नाही.

मी पाणी शोधायची. मोठ्या दुष्काळानंतर जमिनीखालच्या पाण्याची मोजदाद करायला जी माणसं भरली, त्यांत मी एक. आता डोळ्यासमोर माझं त्या वेळचं ध्यान आणा. वय चोवीस. पाचवारी पातळ, खाली कॅनव्हासचे बूट, कमरेला खडक फोडायचा हातोडा, खांद्याला टेप. गळ्यात काळ्या दोरीला बांधलेलं भिंग. वाड्यावस्त्यांवरच्या बायका ते हातात घेऊन विचारायच्या, "ह्यो कुठल्या देवाचा टाक म्हनायचा?" मी गंभीर चेहऱ्यानं म्हणायची, "हे शास्त्राचं उपकरण आहे." शास्त्र हा शब्द मी तेव्हा दिवसातून चाळीस वेळा उच्चारत असेन. पदवीची शाई ओली होती, दुसरं काय!

गिऱ्हाइकंही एकेक भेटायची. मलकापूरकडच्या एका शेतकऱ्यानं विहिरीची जागा दाखवायला मला बोलावलं आणि त्याच दिवशी पाणाड्यालाही बोलावलं. पाणाड्या तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतभर फिरला. नारळ जिथं उभा राहिला तिथं त्यानं खुंटी मारली. मी खडक बघितला, उतार बघितला, आजूबाजूच्या विहिरी मोजल्या आणि तिथून बरीच लांब दुसरी खुंटी मारली. पुढच्या खेपेला जाऊन बघते तर पठ्ठ्यानं दोन्ही खुंट्यांच्या बरोबर मधोमध खणलेलं! म्हटलं, हे काय? तर म्हणाला, "दोघांचाबी मान राखला की." आणि सांगायला लाज वाटते, पाणी लागलं.

पण मला आज सांगायची आहे ती गोष्ट पाणी शोधण्याची नाही. ती पाणी कोंडण्याची आहे, आणि कोंडणारी मीच.

गगनबावड्याकडं डोंगराच्या कुशीत अकरा घरांची एक वाडी आहे. तिचं खरं नाव सांगत नाही, आपण तिला उंबरवाडी म्हणू. उंबर दिसला की जमिनीखाली पाणी आहे असं खुशाल समजावं, आणि इथं तर वाडीच्या माथ्यावर ओळीनं चार उंबर. पावसाळ्यात छत्री उलटी होईल असा पाऊस. आणि तरीही चैत्र-वैशाखात बायका घागरी घेऊन खालच्या ओढ्यापर्यंत उतरायच्या. मला आदेश आला, डोंगरातलं पाणी अडवून वाडीला नळ द्या. माझं स्वतंत्रपणे केलेलं हे पहिलं काम.

वाडीत सगळ्यांत वर, उंबरांच्या खाली, हौसाक्काचं घर. वय साठीच्या पुढं, नवरा केव्हाच गेलेला, पदरी एक म्हैस. लग्न होऊन त्या घरात आली ती तिथंच. डोंगर दाखवायला तीच माझ्यापुढं चालली. आणि तिनं पहिलं वाक्य उच्चारलं तेच असं, की माझे कान लाल झाले.

"ह्यो बघा बाई. आखाडात डोंगर हितं मुततो. मग तितं, त्या कुंभ्याच्या झाडाखाली मुततो. मग असा वळीनं, धा-बारा जागी मुततो. डोंगर मुततोय तवर वाडी निवांत निजती."

मी वही मिटली. "आजी, जरा नीट बोला. मी सरकारी कामाला आलेय."

"मग काय म्हनू?"

"पाणी येतं म्हणा."

"बरं," हौसाक्का म्हणाली, आणि तिचं तोंड बंद झालं. त्यानंतर काहीही विचारलं की एकच उत्तर, "पानी येतं." केव्हा येतं? "पावसात." किती येतं? "येतं की." माझ्या तक्त्यात 'पाण्याचे उगम' असा रकाना होता. त्यात मी लिहिलं, 'बारमाही झरा, एक, उन्हाळ्यात धार बारीक'. बाकीची जी दहा-बारा ठिकाणं होती, त्यांना लिहिण्याजोगं नावच नव्हतं. शेऱ्याच्या जागी 'स्थानिक रहिवाशांच्या समजुती अशास्त्रीय' असं लिहून खाली सही ठोकली. सही मात्र फार वळणदार होती.

इथं डोंगराच्या पोटात काय चालतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. त्या डोंगरांच्या माथ्यावर जांभा असतो. जांभा म्हणजे भोकाभोकांचा दगड, जाळीदार पावासारखा. पाऊस पडला की तो पीत राहतो. त्याच्याखाली पांढुरकी, हाताला साबणासारखी लागणारी चिकणमाती. ती पाणी पीत नाही. मग वरून आलेलं पाणी तिथं अडतं, आडवं वाहतं आणि डोंगराच्या कुशीत वाट मिळेल तिथून बाहेर पडतं. आता चहाचा कप बशीत ठेवा आणि बशी जरा तिरकी धरा. कप जागचा हलत नाही. बशीत थोडा चहा सांडू द्या आणि मग तशीच तिरकी धरा. कप सरकतो. कप तोच, बशी तीच, कललीही तेवढीच. फरक मधल्या पाण्याचा. डोंगर कोसळतो तेव्हा लोक आभाळाकडं बोट दाखवतात. मी आता आधी खाली बघते, पाण्याला बाहेर पडायला जागा होती का ते.

आता बघते. तेव्हा नाही बघितलं. तेव्हा मी काय केलं, तर त्या ओल्या पट्ट्यावर तीस पावलं लांबीची दगडी भिंत घालायचं ठरवलं, म्हणजे इकडंतिकडं वाया जाणारं सगळं पाणी एका टाकीत येईल आणि टाकीतून एका नळानं वाडीत. कागदावर फार देखणं दिसत होतं.

भिंत बांधायला बाबालालचाचा होते. मलकापूरचे गवंडी. त्यांच्या घराण्यात चार पिढ्या विहिरी बांधण्याचं काम. दगडावर नुसती थाप मारून आत पोकळ आहे की भरीव ते सांगायचे. माझ्या वडिलांपेक्षा मोठे, पण मला 'बाई' म्हणायचे. भिंत कमरेएवढी झाली तेव्हा ते थापी खाली ठेवून म्हणाले, "बाई, भोकं कुठं ठेवू?"

"कसली भोकं?"

"पानी जायाची. मातीला टेकून भिंत घातली की आमी भोक ठिवतोच. आमच्या आज्ज्याची शिस्त हाय."

"चाचा, पाणी जायलाच नको आहे ना आपल्याला! ते साठवायचंय."

"साठवा की. पर पान्याला चार वाटा असू द्यात."

"हे शास्त्र आहे, चाचा."

चाचांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं आपण तापात बडबडणाऱ्या लेकराकडं बघतो. मग भिंत सलग बांधली, भोक न ठेवता, आणि बांधली ती सुरेख. चाचांना वाईट बांधता येतच नसे, हाच घोटाळा झाला. दुसऱ्या कुणी बांधली असती तर चार ठिकाणी गळली असती.

वैशाखात नळाला पाणी आलं. बायकांनी मला हळदीकुंकू लावलं, नारळ दिला. वाडीचे पुढारी दत्तूनाना. त्यांनी मला एक कागद मागितला. मीही हौसेनं लिहून दिलं, 'डोंगर भक्कम असून सदर कामामुळे वाडीस कोणताही धोका नाही.' नानांनी तो कागद काचेच्या चौकटीत घालून देवाशेजारी टांगला. हौसाक्का तेवढी भिंतीकडं बघत उभी होती. मी विचारलं, "आवडली का टाकी?" ती म्हणाली, "पानी येतं." इतकंच.

आषाढात पावसानं मुक्काम ठोकला. चौथ्या दिवशी सकाळी आमच्या कोल्हापूरच्या कचेरीत एक एसटीचा कंडक्टर भिजून चिंब होऊन आला. त्याच्याकडं हौसाक्काचा निरोप होता. मी मान वर करून म्हटलं, "बोला."

तो घुटमळला. माझ्याकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं. "बाईसाहेब, त्या वाडीतल्या म्हातारीनं सांगितलंय... त्ये... डोंगराचं पानी थांबलंय."

"नळ बंद पडला असेल," मी म्हटलं. "गाळ अडकला असेल. एवढ्या पावसात नळ लागतो कशाला त्यांना? पाऊस उघडला की माणूस पाठवते म्हणावं."

तो "बरं" म्हणून वळला. मजुरीचं बिल न्यायला आलेले बाबालालचाचा कोपऱ्यात डोक्यावरची पोत्याची खोळ वाळवत बसले होते. त्यांनी हाक मारली, "ओ पावणं! जरा हिकडं या. म्हातारी कशी म्हनली, तसंच्या तसं सांगा."

"कसं सांगू चाचा? बाईमानूस बसलंय."

"बाईमानूस न्हाय, सायेब हायत त्या. सांगा."

कंडक्टरनं मान खाली घातली आणि एका दमात म्हणून टाकलं, "बाईस्नी म्हनावं, डोंगर मुतायचा थांबलाय, उंबर वाकलाय, आन् मी म्हस सोडून दिलीया."

चाचा उठून उभेच राहिले. माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं. चार दिवस धो धो पाऊस, आणि डोंगरातून थेंब बाहेर नाही. मग चार दिवसांचं पाणी गेलं कुठं? कुठं जाणार? माझ्या भिंतीमागं!

'पानी थांबलंय' हे सभ्य वाक्य मी कानाआड केलं होतं. असभ्य वाक्यानं मला खुर्चीतून उठवलं.

जीप काढली. कळे गावाच्या पुढं रस्त्यावर पाणी, तिथून पुढं वळणावळणावर दरडीची माती. शेजारी चाचा. मांडीवर पहार आणि पायाशी दोन घण. मी एकदा म्हटलं, "चाचा, तुम्ही सांगितलं होतं." ते म्हणाले, "सांगितलं, पर बांधली तर मीच न्हवं? आता गप बसा."

दुपारच्या आधी पोचलो. उंबरवाडीत वर बघितलं. चारही उंबर एका बाजूला कललेले. हौसाक्काच्या घरामागं जमिनीला बोटभर रुंद भेग. आणि भिंतीखाली, जिथं हौसाक्कानं मला एकेक जागा दाखवली होती, तिथली जमीन पावसातही नुसती वरवर भिजलेली, आतून काही वाहत नव्हतं. भिंतीला हात लावला तर दगड थंडगार, आणि मधोमध पोट सुटल्यासारखी भिंत फुगलेली.

चाचा थेट भिंतीकडं गेले. मी देवळासमोरच्या मांडवात वाडी गोळा केली आणि म्हटलं, "सगळ्यांनी आत्ताच्या आत्ता ओढ्यापलीकडच्या शाळेत जायचं. घरं सोडा."

कुणी हललं नाही. रोपलावणीचे दिवस, चुली पेटलेल्या, घरात भिजकी लेकरं. दत्तूनाना घरात गेले आणि ती चौकट घेऊन आले. माझ्या नाकासमोर धरली. "बाई, तुमीच लिवलंय की. डोंगर भक्कम हाय. ही सही तुमचीच न्हवं?"

आपल्याच सहीशी भांडायची वेळ कुणावर न येवो. किती वळणदार होती ती!

"ते चुकलं, नाना."

"सरकारी कागद कसा चुकंल?"

मी कप मागवला, बशी मागवली. मांडवात बसून कप सरकवून दाखवला. जांभा, चिकणमाती, पाण्याचा दाब, सगळं सांगितलं. सगळ्यांनी मन लावून ऐकलं. एक म्हातारा म्हणाला, "झ्याक सांगतात बाई," आणि विडी पेटवली. कुणीही जागचं उठलं नाही.

हौसाक्का खांबाला टेकून उभी होती. काही न बोलता माझ्याकडं बघत होती. तिला बोलायची बंदी कुणी घातली होती ते आम्हां दोघींनाच ठाऊक होतं. आणि मला कळलं, की या मांडवात माझ्या भाषेचा उपयोग नाही. मी उभी राहिले, पदर खोचला आणि आयुष्यात कधी मोठ्यानं न उच्चारलेला शब्द सगळ्या वाडीसमोर ओरडले.

"अहो, डोंगर मुतायचा थांबलाय! आणि तो मीच थांबवलाय! चार दिवसांचं तुंबलंय त्याचं, आणि ते आता तुमच्या डोक्यावर सुटणार आहे! कळतंय का?"

मग हौसाक्का हसली. अशी हसली की खांब धरावा लागला. "आत्ता बोललीस, पोरी!" आणि वळून तिनं वाडीवर तोफ डागली, "ऐकलं न्हवं? का अजून कागुद वाचत बसताय मुडद्यांनो? उठा!"

विडीवाला म्हातारा सगळ्यांत आधी उठला.

लेकरं, म्हाताऱ्या, कोंबड्या, भाताची गाडगी असं सगळं ओढ्यापलीकडं निघालं. दत्तूनाना चौकट काखेत मारून निघाले. मी वर भिंतीकडं पळाले. चाचांनी तोवर तळाशी दोन दगड खिळखिळे केले होते. जीपचा ड्रायव्हर पहार धरून होता. तिसरा घाव बसला आणि दगड आतून कुणी ढकलावा तसा बाहेर उडाला. मागून मांडीएवढी धार, ताकासारखी पांढुरकी. साधं पाणी नव्हतं ते, डोंगराच्या पोटातली चिकणमाती धुऊन आणत होतं. चाचांनी पुढची जागा धरली. मग तिसरी. आपलीच देखणी भिंत ते असे फोडत होते, जणू तिनं त्यांना शिवी दिली होती. मीही घण उचलला आणि माझ्या टाकीवर घातला. पहिला घाव चुकून पायाजवळ बसला. चाचा ओरडले, "बाई, टाकी फोडा, पाय नगं!"

पाच भोकं पडली तेव्हा वरच्या उंबरानं कण्हल्यासारखा आवाज केला. चाचांनी माझं मनगट धरलं आणि आम्ही तिघं आडवे पळत सुटलो. खाली नाही, आडवे. हेही चाचांनीच शिकवलं.

ओढ्यापलीकडून बघितलं. आवाज फार मोठा झाला नाही. कुणी गोधडी ओढून घ्यावी तसा डोंगराचा एक पट्टा खाली सरकला. दोन उंबर उभेच्या उभे चालत आल्यासारखे आले आणि हौसाक्काच्या घरावर बसले. भिंतीचा अर्धा भाग गेला. टाकी मधोमध दुभंगून तिथंच राहिली. हौसाक्काच्या खालच्या घराच्या परसात चिखल थांबला. दहा घरं जागच्या जागी. अकरावं नाही.

हौसाक्का तिकडं बघत होती. रडली नाही. म्हणाली, "सासूबी त्यातच मेली. धनीबी त्यातच गेलं. मलाबी त्यातच जायाचं व्हतं." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "पर असं नव्हं."

टाकी फोडली म्हणून बाकीचा डोंगर थांबला, की तो तेवढाच येणार होता, हे मला आजही सांगता येत नाही. शास्त्र तिथं गप्प बसतं. मी टाकी बांधलीच नसती तर ते घर उभं असतं का? ह्याचं उत्तर मात्र मला ठाऊक आहे, आणि ते मी कुणाला विचारत नाही.

कचेरीत साहेबांना अहवालात 'अतिवृष्टी' एवढंच हवं होतं. मी अतिवृष्टी लिहिली आणि तिच्याखाली 'भिंतीस भोके न ठेवणे ही माझी चूक' हेही लिहिलं. तक्त्यात नवा रकाना सुचवला, पावसाळ्यात कुठकुठं पाणी फुटतं आणि लोक त्याला काय म्हणतात. नमुना म्हणून मी 'डोंगराची मूत्रे' असं लिहिलं होतं. आमचे टंकलेखक फार सोवळे. त्यांनी 'डोंगराची सूत्रे' असं टंकलं. साहेबांनी अहवाल वाचून मला बोलावलं आणि म्हणाले, "शब्द फार अभ्यासपूर्ण वापरलाय तुम्ही." रकाना मंजूर झाला. पुढं मी चंदगडपासून शाहूवाडीपर्यंत जिथं गेले, तिथं आधी एखादी म्हातारी गाठून डोंगराची सूत्रे विचारत गेले. बोलायची बंदी पुन्हा कुणावर घातली नाही. पुढच्या आमच्या सगळ्या भिंतींना बाबालालचाचांनी इतकी भोकं ठेवली, की मी त्यांना म्हणायची, "चाचा, भिंत बांधताय की चाळण?" ते म्हणायचे, "हे शास्त्र हाय, बाई."

मग माझी बदली झाली. मधे दहाएक वर्षं गेली. पुन्हा कोल्हापूरला आले तेव्हा एका आषाढात मनात आलं आणि एसटीत बसले. गगनबावड्याची गाडी, काचा नसलेल्या खिडक्या, मांडीवर पिशवी. कंडक्टर नवा, तरणाबांड. त्यानं हाळी दिली, "फुटकी टाकी हाय का कोन? फुटकी टाकीऽऽ!"

मी पिशवी सावरली. म्हटलं, "हे काय नाव म्हणायचं?"

"थांब्याचं नाव हाय मावशी. तितं वर एक फुटकी टाकी हाय. कुठल्या तरी येड्या बाईनं बांधली आन् तिनंच फोडली म्हनं."

"कमाल आहे बाई," मी म्हटलं. "काय काय बायका असतात!"

"असतात की. पर म्हनं वेळंवर शाणी झाली."

"तिकीट द्या," मी म्हटलं. "फुटकी टाकी, एक."

वाडीनं हौसाक्काला ओढ्याच्या अलीकडं, पक्क्या खडकावर नवं घर बांधून दिलं होतं. ती ओट्यावर बसलेली, डोळ्यांत मोतीबिंदू. पावलं ऐकून म्हणाली, "कोन हाय?"

"मी. फुटकी टाकी."

तिनं हात पुढं केला. माझा हात चाचपला, मनगट, बांगड्या, मग गळा. भिंग अजून होतंच. ते हाताला लागलं तशी हसली. म्हणाली, "मला दिसत न्हाय आता. वर बघ बरं जरा. मुततोय न्हवं?"

मी वर बघितलं. दुभंगलेल्या टाकीच्या दोन्ही अंगांनी, गवतातून, कुंभ्याखालून, दहा-बारा जागी धारा लागल्या होत्या. स्वच्छ, काचेसारख्या. घाईनं मोजल्या, सवय जात नाही.

"मुततोय की," मी मोठ्यानं म्हटलं. शेजारच्या ओट्यावरची सून पदर तोंडाला लावून आत पळाली.

"मग बस," हौसाक्का म्हणाली. "घाई कसली?"